होसकोट्याची चोळीबांगडी

बंगळुराहून पूर्वेकडे जुन्या मद्रास रस्त्याने निघाले म्हणजे सात-आठ कोसांवर होसकोटे लागते. गावाचे प्रचंड तळे, अविमुक्तेश्वराचे पुरातन देऊळ आणि कोलारकडे जाणाऱ्या वाहनांची गर्दी, एवढेच सामान्य प्रवाशाच्या लक्षात राहते. कानडीत 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. सुगटूरच्या तम्मेगौडाने १५९५ च्या सुमारास हा नवा कोट बांधला, म्हणून गावाला हे नाव पडले. नोकरीच्या निमित्ताने या मुलखात येऊन राहिलेल्या मराठी माणसाला हे गाव सर्वस्वी परके वाटावे, यात नवल नाही. परंतु मराठ्यांच्या इतिहासातील एका तहनाम्यात याच होसकोट्याचे नाव आले आहे, आणि तेही अशा एका शब्दाच्या जोडीने की जो आपल्या घराघरांतील बायामाणसांच्या तोंडी आहे. तो शब्द म्हणजे चोळीबांगडी.

बंगळूर, होसकोटे आणि लगतचा मुलूख शिवछत्रपतींनी आपले सावत्र बंधू एकोजीराजे यांच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिला, ही गोष्ट अभ्यासकांस ठाऊक आहे. घरगुती जिव्हाळ्याची एक हकीकत म्हणून ती सांगितलीही जाते. परंतु तिच्या पोटात राज्यकारभाराचा एक फार जुना आणि फार अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याच्याशी आपण कालपर्यंत भांडलो, पण ज्याच्या विरोधाला मर्यादा होती, अशा माणसाला नव्या राज्यव्यवस्थेत कसे घ्यावे? त्याला नुसते आसन द्यावे की काम द्यावे? आणि त्याच्या मूळ पक्षाशी असलेला त्याचा संबंध तोडावा की तसाच ठेवावा? विसाव्या शतकात हा प्रश्न संमिश्र मंत्रिमंडळांच्या रूपाने आपल्या देशापुढे वारंवार उभा राहिला. सतराव्या शतकात तो तंजावर आणि जिंजी यांच्या दरम्यान उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा होसकोट्यात येऊन गुंतला होता.

तत्पूर्वी होसकोटे मराठ्यांच्या हाती आले कसे, हे पाहिले पाहिजे. निजामशाही बुडाल्यावर १६३६ मध्ये शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत आले. पुढील दोन-तीन वर्षांत रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजांनी कर्नाटकाच्या पठारावर मोहिमा केल्या, त्यांत शहाजीराजे प्रमुख होते. १६३८ च्या सुमारास केंपेगौडाचे बंगळूर पडले आणि ते शहाजीराजांच्या हवाली झाले. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हे परगणे मिळून त्यांची कर्नाटकातील जहागीर सिद्ध झाली. जिंकलेल्या मुलखातील जुन्या सत्ताधाऱ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न तेव्हाच उत्पन्न झाला होता, आणि विजापूरच्या सरदारांनी त्याची दोन उत्तरे दिली होती.

पहिले उत्तर शिऱ्याचे. तेथील नायक कस्तुरीरंग बोलणी करण्यासाठी आला असता अफझलखानाने त्याचा घात केला. हीच रीत वीस वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी पुन्हा चालविण्याचा बेत होता आणि तेथे तिचा शेवट कसा झाला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. दुसरे उत्तर होसकोट्याचे. येथील गौडाचे मोकळ्या मैदानातील ठाणे काढून घेण्यात आले आणि त्याच्या बदल्यात त्यास आनेकलचा प्रदेश देण्यात आला. केंपेगौडासही बंगळूर सोडावे लागले, पण मागडी आणि सावनदुर्ग त्याच्याकडे राहिले. म्हैसूरच्या जुन्या गॅझेटिअरांत अशा अदलाबदलींची मोठी मालिकाच नोंदली आहे. सुपीक मैदान नव्या सत्तेला आणि डोंगरकपारीचा आडमुलूख जुन्या मालकाला, असे या धोरणाचे सूत्र होते.

हे दुसरे उत्तर पहिल्याहून निःसंशय माणुसकीचे. गौड जिवंत राहिला, त्याचे घराणे राहिले, त्याची प्रतिष्ठाही काही अंशी राहिली. तथापि यात जुन्या सत्ताधाऱ्याला बाजूला सारणे आहे, सामावून घेणे नाही. ज्या मुलखाची खडान्खडा माहिती त्याला होती, त्या मुलखाच्या कारभारात त्याचा शब्द उरला नाही. नवा कारभार नव्या माणसांनी चालविला. देशपांडे, कुलकर्णी, कानूगो ही नावे या पठारावर रूढ झाली ती याच काळात. कर्नाटकात आज स्थायिक असलेल्या अनेक मराठी घराण्यांचे मूळ या पहिल्या बदलीच्या नोकरीत सापडेल.

शहाजीराजांच्या या कारभाराचा मुख्य आधारस्तंभ म्हणजे नारोपंत हणमंते. त्यांचे पुत्र रघुनाथपंत आणि जनार्दनपंत याच दरबारात वाढले. २३ जानेवारी १६६४ रोजी बसवापट्टणजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला, आणि कर्नाटकातील सारी दौलत धाकटे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे राहिली. वडिलांच्या हातचा कारभारीही तिच्याबरोबर वारसाहक्काने मिळाला. पुढे एकोजीराजांनी विजापूरच्या वतीने तंजावरवर स्वारी केली आणि १६७५-७६ च्या सुमारास तेथे आपलीच गादी स्थापन केली. पराक्रमाच्या दृष्टीने ही कामगिरी लहान नव्हती. तेथील भोसले घराण्याचे राज्य नाममात्र का होईना, १८५५ पर्यंत टिकले.

परंतु नव्या राज्यात जुन्या कारभाऱ्याचे धन्याशी पटेना. रघुनाथपंत हे राज्यव्यवहारात मुरलेले, शास्त्र जाणणारे आणि स्पष्टवक्ते होते. तरुण धन्याला वडिलांच्या वेळचा कारभारी नेहमीच थोडा जड वाटतो. त्याच्या प्रत्येक सल्ल्यात त्याला वडिलांशी तुलना ऐकू येते. बखरकारांनी या बेबनावाचे वर्णन आपापल्या परीने केले आहे. सार एवढेच की पंतांनी तंजावर सोडले, गोवळकोंड्यास मादण्णापंतांशी संधान बांधले आणि तेथून ते शिवछत्रपतींकडे आले. १६७७ च्या दक्षिण-दिग्विजयाच्या आखणीत त्यांचा वाटा मोठा होता.

तंजावरच्या दृष्टीने पाहिले तर हा माणूस सरळसरळ फितूर झाला होता. धन्याच्या घरातील सारे गुपित घेऊन तो थोरल्या भावाकडे गेला आणि वडिलार्जित दौलतीतील अर्धा वाटा मागण्याची बुद्धी त्यानेच थोरल्या भावास दिली, असे तेथे मानले जात असेल तर ते स्वाभाविकच होते. परंतु पंतांच्या विरोधाची जात ओळखली पाहिजे. एकोजीराजांचे राज्य बुडावे, त्यांच्या जागी दुसरे कोणी यावे, असा त्यांचा हेतू दिसत नाही. कारभार नीट चालावा आणि भोसल्यांच्या दोन घरांचे बळ एकमेकांच्या विरुद्ध खर्ची पडू नये, एवढाच त्यांचा आग्रह दिसतो. पुढे विसाव्या शतकात ज्यास आपण नेमस्त विरोध म्हणू लागलो, त्याचे हे सतराव्या शतकातील रूप होते. असा विरोधक सत्ताधाऱ्याला सर्वांत अधिक झोंबतो, कारण त्याचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. आणि राज्याला सर्वांत अधिक उपयोगीही तोच पडतो, त्याचेही कारण हेच.

जुलै १६७७ मध्ये कोळरून नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे दोघा भावांची भेट झाली. थोरल्यांनी पित्याच्या दौलतीतील अर्धा भाग मागितला, धाकट्यांनी होय-नाही केले आणि एका रात्री कोणास न कळविता नदी ओलांडून तंजावर गाठले. मागे राहिलेल्या एकोजीराजांच्या कारभाऱ्यांस महाराजांनी वस्त्रे देऊन परत पाठविले. पुढे परतीच्या मार्गावर कोलार, होसकोटे, बंगळूर, शिरे हा वडिलांच्या जहागिरीचा मुलूख त्यांनी आपल्या अमलाखाली आणला, आणि जिंजीकडील प्रांतावर रघुनाथपंत हणमंते व शहाजीराजांचे अनौरस पुत्र संताजी यांस नेमून ते महाराष्ट्राकडे वळले. त्यांची पाठ फिरताच नोव्हेंबर १६७७ मध्ये एकोजीराजांनी संताजीवर चाल केली. दिवसा त्यांची सरशी झाली, रात्री संताजीने उलट छापा घालून त्यांचा मोड केला. भावाभावांच्या सैन्यांत रक्त सांडले.

येथून पुढचा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. विजयी पक्षाला तंजावर घेणे अशक्य नव्हते. उलटपक्षी, पराभूत पक्षाला विजापूरचे अगर मदुरेच्या नायकाचे साह्य घेऊन वैर धुमसत ठेवणेही अशक्य नव्हते. महाराजांनी एकोजीराजांस पत्र लिहिले. त्यात वडीलकीचा ठपका आहे, पण दार बंद केलेले नाही. तंजावरात एकोजीराजे उदास होऊन बसले होते. अशा वेळी दीपाबाईंनी जो सल्ला दिला तो बखरींनी मोठ्या आदराने नोंदून ठेवला आहे. थोरल्या दिरांशी वैर वाढविण्यात आपले हित नाही. ज्या रघुनाथपंतांस आपण दुखविले त्यांनाच बोलावून घ्यावे, त्यांचा मान राखावा आणि त्यांच्याच मध्यस्थीने समेट करावा, असे त्यांनी पतीस समजावले.

अपमानाची जखम ताजी असताना, ज्याने ती केली असे वाटते त्यालाच घरात बोलवा, असे सांगणे फार कठीण. ते ऐकणे त्याहून कठीण. एकोजीराजांनी ते ऐकले, याचे श्रेय इतिहासाने त्यांस पुरेसे दिलेले नाही. पंतही आले. ते आले तेव्हा महाराजांची नोकरी सोडून आले नाहीत, आणि तंजावरकरांनीही तशी अट घातली नाही. ही गोष्ट बारकाईने ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी पूर्वीचे पक्षांतर रद्द करून पश्चात्ताप व्यक्त करावा आणि मग कारभारात पाऊल टाकावे, असा हट्ट तंजावरने धरला असता, तर पंतांचा तंजावरला काडीचाही उपयोग उरला नसता. दोन्ही घरांत त्यांचा शब्द चालत होता, यातच त्यांचे मोल होते. जिंजीकडील स्वराज्याचा मुलूख त्यांच्या देखरेखीखाली राहिला आणि तंजावरच्या कारभारात त्यांच्या सल्ल्याला पुन्हा स्थान मिळाले.

या समेटातून जो तह झाला तो बखरींच्या द्वारे एकोणीस कलमांच्या रूपात आपल्यापर्यंत आला आहे. त्यात पंतांच्या निर्वाहाची तरतूद आहे, आणि त्यातच होसकोट्याचे ते कलम आहे. बंगळूर, होसकोटे आणि लगतचे ठाणे यांचा वसूल दोन लक्ष होनांच्या घरात आहे, नीट कारभार केला तर तो पाच लक्षांपर्यंत जाईल. हा मुलूख आपण चिरंजीव सौभाग्यवती दीपाबाईंस चोळीबांगडीसाठी देत आहोत. त्यांनी तो आपल्या मुलींस द्यावा. एकोजीराजांनी त्याची व्यवस्था पाहावी, पण उपभोगाचा अधिकार दीपाबाई ज्यांस देतील त्यांचा, असा त्या कलमाचा भावार्थ आहे.

वरवर पाहता ही भावजयीला दिलेली ओवाळणी आहे. पण कलम लिहिणाऱ्याची कुशाग्र बुद्धी पाहा. महाराजांनी हा मुलूख तलवारीने घेतला होता. तो एकोजीराजांस सरळ परत करावा, तर वाट्याचा मूळ दावाच खोटा ठरतो. स्वतःकडे ठेवावा, तर समेट कागदावरच राहतो आणि धाकट्या भावाच्या मनात जन्माचे शल्य रुतून बसते. दीपाबाईंच्या नावे तो केल्याने दोन्ही अडचणी एकदम सुटल्या. दावा मागे घेतला गेला नाही, मुलूख मात्र घरी परत गेला. एकोजीराजांना हार पत्करून काही स्वीकारावे लागले नाही; आपल्या पत्नीच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणे, एवढेच त्यांनी मान्य करावयाचे होते. समेटाचा सल्ला जिने दिला तिला समेटात कायमचा हितसंबंध मिळाला. पुढे कोणी पुन्हा भांडण उकरून काढू लागले, तर ते मोडण्यात तंजावरच्या अंतःपुराचेच नुकसान होते. शिवाय दोन लक्षांचे पाच लक्ष होतील या वाक्यात कारभाऱ्यासाठी एक कामही सांगून ठेवले होते. प्रांत भेट म्हणून दिला, आणि तो चांगला चालवा अशी जबाबदारीही त्याबरोबर दिली.

ही व्यवस्था फार वर्षे टिकली असे नाही. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. पुढे जिंजीचा कारभार हरजीराजे महाडिक यांच्याकडे गेला. १६८७ मध्ये मोगलांच्या कासीमखानाने बंगळूर घेतले आणि तीन लक्ष रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या पदरात टाकले. होसकोटे मोगलांच्या शिरे सुभ्यातील एक परगणा होऊन बसले. दहा वर्षेदेखील पुरी झाली नाहीत तोच दीपाबाईंच्या चोळीबांगडीचा मुलूख परक्यांच्या हाती गेला.

मग या साऱ्या खटाटोपाचे फलित काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १६८९ मध्ये मिळाले. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगडास वेढा पडला, आणि राजाराम महाराज प्राण मुठीत घेऊन दक्षिणेस निघाले, तेव्हा त्यांना थारा देण्यास जिंजी उभी होती. १६९८ पर्यंत मराठी राज्याची गादी तेथून चालली. १६७७-७८ मध्ये जिंजी आणि तंजावर यांनी एकमेकांचा चुराडा करून घेतला असता, तर हा आसरा उरता की काय, याची शंका वाटते. चांगला समेट ज्या कारणासाठी होतो त्या कारणापुरताच उपयोगी पडतो असे नाही. पुष्कळदा त्याचे फळ ज्यांनी तो केला त्यांच्या पश्चात, त्यांच्या स्वप्नातही नसलेल्या संकटात मिळते.

आता हा दाखला हाती घेऊन आपल्याला अधिक जवळच्या काळाकडे येता येईल. राजेशाहीतला समेट आणि लोकनियुक्त कायदेमंडळातील पक्षव्यवहार यांत अंतर आहे, हे उघड आहे. तेथे दोन भावांची संमती पुरली, येथे हजारो मतदारांना जाब द्यावयाचा असतो. तरीही विरोधकाला सत्तेत घेण्याची कसोटी दोन्हीकडे सारखीच लागू पडते, आणि ती न पाळल्यास काय होते याचा मराठी मुलखातला सर्वांत बोलका दाखला म्हणजे १९२५ चे तांबे प्रकरण.

१९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. द्विदल राज्यपद्धती आतून मोडून काढावयाची, हे त्या पक्षाचे व्रत. मंत्र्यांचे वेतन नामंजूर झाले, मंत्रिमंडळ उरले नाही आणि सोपीव खाती गव्हर्नरला स्वतः चालवावी लागली. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे हे याच पक्षाचे. ते १९२५ मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. सर मोरोपंत जोशी यांची मुदत संपल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने गृहखात्याचे सभासदत्व तांब्यांपुढे केले आणि त्यांनी ते पत्करले.

तांबे हे कर्तबगार गृहस्थ होते, याविषयी वाद नाही. पुढे १९२९ मध्ये त्यांनी त्या प्रांताचे हंगामी गव्हर्नरपदही भूषविले. पण त्यांच्या नेमणुकीने पक्षात जी आग लागली ती विझली नाही. पंडित मोतीलाल नेहरूंनी हा उघड शिस्तभंग मानला आणि पक्षाचा रोगट अवयव कापून टाकला पाहिजे, अशा अर्थाचे कठोर उद्गार काढले. तात्यासाहेब केळकर, बॅरिस्टर जयकर आणि डॉक्टर मुंजे यांचे म्हणणे वेगळे होते. विठ्ठलभाई पटेलांनी त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले ते चालते, मग तांब्यांनीच काय पाप केले, हा त्यांचा सवाल होता. लोकमान्यांनी १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी पुढे मांडलेले प्रतियोगी सहकारितेचे तत्त्व त्यांनी पुन्हा उचलले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास त्या नावाचा पक्षच निघाला. पुढे मध्यप्रांतात पुन्हा मंत्रिमंडळ आले आणि १९२७ मध्ये रामराव देशमुखांसारखे वऱ्हाडी पुढारी त्यात मंत्री झाले.

तत्त्व म्हणून प्रतियोगी सहकारितेत वावगे काही नव्हते. जेवढे मिळाले तेवढे घ्यावे, त्याचा उपयोग करावा आणि उरलेल्यासाठी झगडत राहावे, हा व्यवहारी शहाणपणाचा मार्ग आहे. वांधा होता तो नेमणुकीच्या रीतीत. सरकारने पक्षाशी बोलणे केले नव्हते. पक्षातील एका माणसाला उचलले होते. तांब्यांच्या मागे त्यांच्या पक्षाचा शब्द नव्हता, आणि त्यांना ज्या मंडळात बसावयाचे होते ते कायदेमंडळाला जबाबदार नव्हते. त्यामुळे सरकारला एक चांगला अधिकारी मिळाला, विरोधी पक्षाला फूट मिळाली, आणि द्विदल पद्धतीचा जो मूळ तंटा होता तो होता तेथेच राहिला. रघुनाथपंत तंजावरात परत गेले तेव्हा जिंजीची संमती त्यांच्या पाठीशी होती. तांबे गेले ते एकटे गेले.

याच धाग्याचे दुसरे टोक १९४७ च्या दिल्लीत सापडते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात काँग्रेसने आपल्या विरोधात आयुष्य घालविलेल्या काही व्यक्तींना घेतले. हिंदुमहासभेचे डॉक्टर श्यामाप्रसाद मुकर्जी उद्योग आणि पुरवठा खात्यावर आले, जस्टिस पक्षात वाढलेले षण्मुखम् चेट्टी अर्थमंत्री झाले आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री झाले. यातील बाबासाहेबांच्या विरोधाला नेमस्त म्हणणे धाडसाचे होईल. काँग्रेस आणि गांधीजी यांच्यावर त्यांच्याइतकी धारदार टीका थोड्यांनीच केली असेल. परंतु घटनात्मक मार्गावरील त्यांची निष्ठा अढळ होती, आणि त्या अर्थाने ते राज्ययंत्राला सर्वांत जवळचे विरोधक होते. फाळणीमुळे बंगालमधील त्यांची घटना समितीची जागा गेली, तेव्हा मुंबई प्रांतातून ते पुन्हा निवडून आले ते बॅरिस्टर जयकरांनी रिकाम्या केलेल्या जागेवर, आणि काँग्रेसच्या पाठिंब्याने. प्रतियोगी सहकारितेचा एक पुरस्कर्ता बाजूला झाला आणि त्याच्या खुर्चीवर त्या तत्त्वाचा सर्वांत मोठा प्रयोग येऊन बसला, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रयोगात दोन गोष्टी तांबे प्रकरणाहून भिन्न होत्या. बोलावणे उघड होते, आणि काम खरे होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकृत झाली. मंत्रिमंडळाची ही घडी मात्र मोडली. चेट्टी १९४८ मध्ये, मुकर्जी १९५० मध्ये आणि हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून बाबासाहेब १९५१ मध्ये बाहेर पडले. पण घटना बाहेर पडली नाही. दीपाबाईंचा मुलूख गेला तरी जिंजीचा आसरा राहिला, त्यातलाच हा प्रकार. होसकोटे ज्या म्हैसूर संस्थानात होते तेथेही ऑक्टोबर १९४७ मध्ये के. चेंगलराय रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली पहिले जबाबदार मंत्रिमंडळ आले, तेव्हा काँग्रेसबाहेरच्या गटांनाही त्यात स्थान देण्यात आले. त्याआधी सप्टेंबरात 'म्हैसूर चलो'ची चळवळ पेटली होती. राजवाड्याशी काँग्रेसचा समझोता झाला आणि महिना-दीड महिन्यात रस्त्यावरचा लढा सचिवालयात पोचला.

या साऱ्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. विरोधकाला राज्यात घेणे म्हणजे त्याला विरोधी पक्षातून वजा करणे, अशी समजूत करून घेतली तर तो माणूस मिळतो आणि त्याच्या पाठीमागचे जग हातचे जाते. त्याचा मूळ संबंध त्याच्यापाशी राहू द्यावा, त्याला करता येईल असे आणि मोजता येईल असे काम द्यावे, आणि ज्याला माघार घ्यावी लागते त्याच्या मानासाठी कलमात कोठेतरी जागा ठेवावी. सत्तेच्या वाटपात ही तिसरी बाब बहुधा विसरली जाते. सूत्रे ठरविणारे लोक खाती मोजतात, दुखावलेले मन मोजत नाहीत. होसकोट्याचे कलम लिहिणाऱ्याने ते मोजले होते.

आपल्यापैकी पुष्कळांचा संबंध अशा समेटांशी येतो तो वरून ठरून खाली आल्यावर. कालपर्यंत सभागृहातून ज्यांनी आपल्या खात्यावर ताशेरे ओढले, तेच गृहस्थ आज त्या खात्याचे मंत्री म्हणून येतात आणि तीच फाईल आपल्याला त्यांच्यापुढे ठेवावी लागते. अशा वेळी नव्या मंत्र्याला माहिती पुरी मिळते की अडवून धरली जाते, यावर संमिश्र सरकारचे निम्मे भवितव्य अवलंबून असते. तहनामा राजे करतात, पण दोन लक्षांचे पाच लक्ष कारभाऱ्यांनीच करावयाचे असतात.

रघुनाथपंत हणमंत्यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते बहुधा राज्यव्यवहारकोशामुळे. राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा सुमारे चौदाशे शब्दांचा हा कोश महाराजांच्या आज्ञेने त्यांच्या नावावर सिद्ध झाला. दोन भाषांमधली वाट मोकळी करणारा हा माणूस दोन भावांमधलीही वाट मोकळी करू शकला, यात काही आश्चर्य नाही. त्याचा कोश आज छापील स्वरूपात मिळतो. त्याच्या दुसऱ्या कामाची खूण होसकोट्यात मात्र कोठे दिसत नाही. जुन्या मद्रास रस्त्याने जाताना तळ्याचा लांबलचक बांध दिसू लागला, म्हणजे एवढे आठवावे की दोन मराठी दरबारांचे वैर शमविण्यासाठी हा मुलूख एके काळी एका शहाण्या स्त्रीच्या पदरात घातला गेला होता.